शिडं पुसलेलं नाणं

दुबईच्या खाडीवर पूल व्हायच्या आधी मी रोज बर दुबईहून पलीकडच्या काठावर, देऱ्याला, एकाच होडीने जायचो. होडीवाले रत्नागिरीकडचे म्हातारे खलाशी. मी त्यांना चाचा म्हणायचो; नाव विचारायचं राहूनच गेलं. कनवटीला त्यांनी अमेरिकेची दोन जुनी चांदीची नाणी जपली होती, कसल्याशा सोहळ्यांसाठी पाडलेली. दोन्हींवर शिडाचं जहाज.

"तीन गलबतांवर जिंदगी काढली. तिसरं नाणं गावल्याबिगर मरायचा नाय," म्हणायचे.

तिसरं मला गावलं, एका सोनाराकडे, काळंठिक्कर. मी हुशार माणूस! चिंच आणि विटेची भुकटी लावून दोन तास घासलं, आरसा केला आणि ऐटीत चाचांच्या हातावर ठेवलं.

त्यांनी अंगठा फिरवला. वल्हं थांबलं.

"सायब, शिडं पुसलीत की हो!"

खाडीत उडी मारावीशी वाटली. पोहता येत नव्हतं म्हणून बसून राहिलो.

चाचांनी नाणं कनवटीला लावलं. "शिडं गेली म्हणून गलबत टाकतात काय? वल्हवत न्यायचं. यल्ला, चला!"

आणि दुसरं वल्हं माझ्या हातात दिलं. देऱ्याला पोचेपर्यंत माझे तळहातही त्या नाण्यासारखे घासून निघाले.