आधी मोजा काढ, मग बोंबील

माणसाच्या तोंडाकडे न बघता नुसत्या पायांवरून त्याची कुंडली मांडणारी बाई अख्ख्या मीरा-भाईंदरात एकच, आणि ती आम्हाला सुके बोंबील विकते. उन्हाळा सरला, होड्या किनाऱ्यावर ओढल्या, ताजी मासळी बंद झाली, की ही तारोडी गावची मावशी सुकटीची पाटी घेऊन पेणकरपाड्यात आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये येऊन बसते. एरवी ती बाजारात बर्फाच्या पाण्यात उभी. म्हणून तिचं म्हणणं असं, की कोळणीचे पाय वर्षात हे दोनच महिने कोरडे असतात, आणि नेमके तेव्हाच आम्ही शिकलेले लोक आपले पाय कुजवायला काढतो!

पाटीमागे बसल्यावर समोरून पायच जाणार, त्यामुळे तिच्या नजरेतून कोणी सुटत नाही. सेक्रेटरीसाहेब एकदा रुबाबात मीटिंगची नोटीस लावत होते. खालून आवाज आला, "काय रं, चिखल्या झाल्यात ना बोटांत? वल्या बुटात बसतो दिसभर!" बिचाऱ्यांनी नोटीस उलटीच चिकटवली. दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेन मासळीच्या वासाने नाकाला पदर लावतात, पण टाचेच्या भेगा दाखवायला पाच फुटांवर उभ्या राहतातच. मावशी आपल्या हिंदीत बजावते, "बेन, पाय धोने का, बराबर पुसने का. तेल टाच को लगाव. बोट के बीच में नको, उधर सुका पायजे!" पुसणं हा तिचा खरा धर्म. दर बोटाची बेचकी सुती फडक्याने वेगळी कोरडी करायची, त्यात माफी नाही. आणि अरेतुरे सगळ्यांना, अगदी आमच्या ऐंशी वर्षांच्या आजोबांनासुद्धा.

मला सात वर्षं साखरेचा आजार आहे. तळवे रोज बघा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं, पण मध्ये माझं पोट येतं. दोन वर्षांपूर्वी असाच भिजल्या बुटांनी ऑफिसातून आलो आणि बोंबील मागितले. मावशीने वर न बघता विचारलं, "लंगडतो कशाला?" मी लंगडतोय हे मलाच माहीत नव्हतं.

"मोजा काड."

"मावशी, उशीर होतोय गं."

"मोजा काड, मंग बोंबील." तिने पाटीवर फडकं टाकलं.

वॉचमन बघतोय, बेन बघताहेत, आणि मी एका पायावर उभा! चिडून मोजा ओढला, तर तो करंगळीपाशी चिकटलेला. खाली काळपट जखम होती. मावशीने माझा पाय हातात घेऊन उजेडाकडे वळवला. पहिल्यांदाच ती ओरडली नाही.

"दुकतं?"

"नाही."

"तेच वाईट हाय. घरी नको जाऊ. डाक्टरकडे चल."

मी खरंच घाबरलो. तिने मला रिक्षात कोंबलं, स्वतःही बसली आणि पाटी सांभाळायला कोणाला सांगितलं, तर बेनना! जन्मात अंडंही न शिवलेल्या त्या बाई नाक दाबून तासभर सुकटीची राखण करत होत्या. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर बोट कापावं लागलं असतं.

माझं ड्रेसिंग संपेपर्यंत नारळी पौर्णिमा होऊन गेली आणि मावशी परत बाजारात उभी राहायला लागली. एका रविवारी मी पेढे घेऊन तारोडीला गेलो. ती नुकतीच बाजारातून येऊन ओट्यावर टेकली होती. तिने आधी माझी चप्पल काढायला लावली, करंगळी दाबून बघितली आणि म्हणाली, "ऱ्हायला बोट. बरं झालं."

मी नमस्काराला वाकलो, तशी तिने झटकन पाय लुगड्याखाली ओढले.

"नको रं. बगण्यासारखे न्हाय ते."

पण मला दिसले होते. पाण्याने पांढरेफटक, बोटांमधली कातडी सोललेली, टाचा उकललेल्या. इतकी वर्षं तिने सगळ्या बिल्डिंगचे पाय बघितले, आणि तिच्या पायांकडे बघायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

"मावशी, आत्ता चल डॉक्टरकडे. रिक्षा उभी आहे."

"आता धंद्याचे दिस हायत," ती म्हणाली. "पुडच्या साली होड्या वर वडल्या का बगू."

मी पेढे तिथेच ओट्यावर ठेवले आणि तिच्या शेजारी बसलो. तिने पाय काही बाहेर काढले नाहीत.