उभ्या तारा कापायच्या, आडव्या नाही

"दात मिटा," पालघरचे डॉक्टर म्हणाले. ह्यांनी मिटले. उजवीकडचे दात टेकले, डावीकडचे टेकलेच नाहीत. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी हनुवटी चाचपली आणि माझ्याकडे वळून सांगितलं, "मॅन्डिबल मोडलंय. दोन ठिकाणी. आजच मुंबईला न्या."

मॅन्डिबल म्हणजे खालचा जबडा. आमचे हे बोईसरजवळ, समुद्रकाठच्या बांधकामावर फिटर. साखळीचा हूक उसळून हनुवटीवर बसला होता. मी विचारलं, बरोबर काय काय घेऊ? डॉक्टर म्हणाले, "कपडे घ्या, आणि धीर." कपड्यांची यादी गाडी येण्याआधी पुरी झाली. धीराचं काही जमत नव्हतं.

दातांची डॉक्टरकी पुरी करून जबड्याच्या शस्त्रक्रियेच्या शिक्षणासाठी जे अर्ज करणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ह्यांचा जबडा ज्यांनी बांधला, त्या रजिस्ट्रारांनीच लिहायला सांगितलं. रजिस्ट्रार म्हणजे पदवी झालेला, पण मोठ्या सर्जनांच्या हाताखाली अजून शिकणारा डॉक्टर. ते म्हणाले, "वहिनी, येणाऱ्या मुलांना हत्यारांची नावं पाठ असतात. पेशंट घरी गेल्यावर काय होतं, ते कोणालाच ठाऊक नसतं."

तर आधी एवढं समजून घ्या, की तुमच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. मीही ठेवला नाही. रजिस्ट्रार वॉर्डात आले तेव्हा डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली, डगल्याच्या खिशातून पावाचा तुकडा डोकावत होता. मी विचारलं, "मोठे डॉक्टर कधी येणार?"

"उद्या सकाळी," ते म्हणाले. रागावले नाहीत. हा प्रश्न त्यांना रोजचाच असावा.

सकाळी मोठ्या डॉक्टरांना मी स्पष्ट सांगितलं, शिकाऊ हात नको. ते हसले. "बाई, तारा मी कधीमधी घालतो, हा रोज घालतो. उद्या माझा जबडा मोडला तर मी ह्यालाच हाक मारीन."

आर्च बार म्हणजे दातांच्या ओळीवर बारीक आडव्या तारांनी बांधलेली धातूची पट्टी. एक वर, एक खाली. मग दोन्ही पट्ट्या उभ्या तारांनी एकमेकींना जखडतात. ह्याला फिक्सेशन म्हणतात. हाड जुळेपर्यंत कित्येक आठवडे तोंड उघडत नाही. दात जसे मिटवून बांधाल तसे ते जन्मभर मिटणार.

घरी निघताना रजिस्ट्रारांनी एक बारीक कटर दिला. उलटी झाली आणि श्वास अडकला, तर तारा कापायच्या. उशीर झाला तर माणूस जातो. उगाच कापल्या तर हाड वाकडं जुळतं. एवढं सांगून ते थांबले नाहीत. प्लास्टरचे दात आणले, त्यांवर तारा बांधल्या आणि कटर माझ्या हातात दिला.

मी आडवी कापली.

"परत," ते म्हणाले.

मग उभी कापली, पण तुकडा आतच राहिला. "परत. उभ्या तारा कापायच्या, आडव्या नाही. तुकडे मोजून बाहेर काढायचे." जेवायला चला म्हणून शिपाई येऊन गेला, पुन्हा आला. डोळे मिटून जमेपर्यंत त्यांनी मला उठू दिलं नाही.

घरी पेज, ताक, गाळलेलं वरण, सगळं शेवटच्या दाढेमागच्या फटीतून नळीने. घिवलीहून मासळी घेऊन येणारी काशी दारातच टोपली टेकवून म्हणाली, "काय वो बाय, आमी येवडे नवस केले, आमच्या धन्याचं तोंड काय बंद व्हत नाय. तुमी तं बांदूनच आनलं!" हे पाटीवर उत्तर लिहायला धावले. काशीला वाचता येत नव्हतं. ती आणखीच हसली.

पण बसून राहणं ह्यांच्या स्वभावात नाही. दारापासून मोरीपर्यंत येरझारा. पाटीवर 'कंटाळा' लिहायचं, पुसायचं, पुन्हा तेच. मलाही चैन नव्हतं. ह्यांना ठसका लागला की माझी नजर भिंतीवरच्या खिळ्याकडे जायची. कटर तिथे दोरीने टांगलेला होता.

एका दुपारी हे भर उन्हात कामावर चक्कर मारून आले आणि ताक घाईघाईने ओढलं. थोड्या वेळाने चेहरा पांढरा पडला. हात छातीवर गेला. मी खिळ्याकडे पाहिलं. खिळा रिकामा.

ह्यांनी शेजारच्या भिंतीकडे बोट दाखवलं. पलीकडे मिसिरजी, ह्यांच्याच कामावरचे वेल्डर. असा बारीक कटर बोईसरात मिळत नाही म्हणून मागून नेला होता. फिटरकडे कोणी हत्यार मागितलं तर तो नाही म्हणत नाही. तोंड बांधलेलं असलं तरी मान हलतेच.

मी ओरडले, "मिसिरजी, कटर!" आणि रजिस्ट्रारांनी शिकवलं तसं ह्यांना पुढे वाकवलं, डोकं खाली, गालात बोट घालून गाल बाहेर ओढला. उलटी झाली, बरंचसं बाहेर निघालं. मग ठसका लागला, आणि श्वास येईना. ओठ काळपट झाले.

"भाभीजी, ये लो, ये लो!" मिसिरजी अनवाणी धावत आले.

मी कापलं. उभ्या तारा, फक्त उभ्या. तोंड उघडलं आणि श्वास आवाज करत आत गेला. तुकडे मोजून काढले. इतक्या आठवड्यांनी ह्यांच्या तोंडून पहिले शब्द निघाले ते असे: "मिसिर, धार तो नहीं बिगाड़ी?"

"दात टेकवा आणि गप्प बसा," मी म्हणाले. हनुवटीखालून डोक्यावर मफलर आवळला आणि मिळाली त्या गाडीने मुंबई गाठली.

आता हे ऊस दाताने सोलतात. दात पूर्वीसारखेच मिटतात. पण त्या दिवशी रजिस्ट्रार एक्स-रे उजेडाकडे धरून बघत होते, तेव्हा मला हे काहीच ठाऊक नव्हतं.

"हाड हललेलं नाही," अखेर ते म्हणाले. "पट्ट्याही जागेवर आहेत. नुसत्या उभ्या तारा पुन्हा घालायच्या." त्यांच्यामागे एक नवा डॉक्टर उभा होता, नुकताच शिकायला लागलेला. डोळे अजून तांबारलेले नव्हते. रजिस्ट्रारांनी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे. "वहिनी, पहिली तार ह्याला बांधू देता?"

त्या मुलाने हातमोजे पुन्हा एकदा ओढून नीट केले. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

"बांधू दे," मी म्हणाले.

त्याने तार ओवली, पिळली, टोक दुमडलं. मी वाकून नीट पाहिलं.

"सैल आहे," मी म्हणाले. "परत."