गाडीला घातलेलं पाणी

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमाराला आमच्या मुरुडच्या दुकानाला जरा बरे दिवस आले. दुकान वह्या-कागदांचं. नव्या कचेऱ्यांना रजिस्टरं लागायची आणि माल आणायला यांना सारखं नांदेडला जावं लागायचं. म्हणून यांनी एक वापरलेली लहान गाडी घेतली. सासूबाई अंगणात तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाल्या, "आरं, ही गाडी हाय का कुकवाची डबी? हिच्यात बसायचं का हिला कडंवर घ्यायचं?"

"उंटासारखी हाय आई," हे म्हणाले. "थोडं पिती, लांब जाती."

माझं माहेर हिमायतनगरला, नांदेडच्याही पलीकडं. एस.टी.नं जायचं तर गाड्या बदलत सगळा दिवस जायचा. वाटेत थांबवा असं कंडक्टरला म्हणायची मला लाज वाटायची, म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळपासून मी पाणी पीत नसे. वर्षातून एकदा नागपंचमीला जायचं, तेही घशाला कोरड पाडून. गाडी आल्यावर यांच्या मालाच्या फेरीबरोबर मीही जाऊ लागले. आता हळूच "थांबा" म्हटलं की हे बाभळीच्या आडोशाला गाडी उभी करायचे. गाडी एवढी लहान, की मागं बसून पुटपुटलं तरी पुढं ऐकू जायचं. घरात माझ्या तोंडून जे कधी निघालं नाही ते अहमदपूर ते लोहा या रस्त्यावर मी यांच्याशी बोललेले आहे. माय गाडीचा आवाज ओळखायची. ओट्यावरून उतरून गाडीला आधी विभूती लावायची, मग मला जवळ घ्यायची. "हिनं माझी लेक जवळ आणली," म्हणायची.

मग पाऊस गेला तो दोन वर्षं आलाच नाही. विहीर आटली. परसातल्या बोअरला मचूळ पाणी होतं, ते भांड्यांना आणि आंघोळीला. प्यायचं गोडं पाणी टँकरचं, चौथ्या दिवशी. घागरी भरून झाल्या की मी त्यांच्यावर फडकं बांधायचे आणि कुणी जास्त प्यायलं तर मनातल्या मनात मोजायचे.

रोज सकाळी गाडीत तांब्याभर पाणी घालायचं काम माझ्याकडं होतं. झाकण उघडून कडेपर्यंत भरायचं, एवढंच. यांनी बजावलं होतं, "गोडंच घाल बरं का. इंजिनाला मचूळ चालत न्हाई."

पहिले काही दिवस मी घातलं. मग एका सकाळी भरलेला तांब्या हातात घेऊन उभी राहिले. लेकरं अर्धा पेला पाणी पिऊन शाळेत गेली होती, आणि मी लोखंडाला गोडं पाणी पाजायला निघाले होते. मी तांब्या परत घागरीत ओतला आणि बोअरचं घातलं. गाडी चालली. दुसऱ्या दिवशीही चालली. त्या पाण्यानं माझ्या तांब्याच्या हंड्यावर पांढरा थर बसायचा आणि तो मी चिंचेनं घासून घासून काढायचे. गाडीच्या पोटातही तेच होत असेल हे डोक्यात आलं नाही.

उन्हाळ्यात भावाचा दुकानावर फोन आला, मायचं काही खरं नाही, लगेच निघा. आम्ही दिवस उगवायच्या आत निघालो. चाकूर मागं पडलं आणि गाडीच्या तोंडातून वाफ येऊ लागली. थांबत, पाणी घालत कसंबसं अहमदपूर गाठलं. तिथल्या मिस्त्रीनं नळ्या सोडवून आत बोट घातलं आणि पांढरं बोट यांच्यापुढं धरलं.

"शेठ, आत चुन्याची भट्टी लावली काय? खारं पाणी पाजलं तुम्ही हिला."

"छे. माझ्या घरी गाडीसाठी तांब्याभर गोडं पाणी राखून ठेवतेत," हे म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं. "हाय ना गं?"

मी होकाराची मान हलवली.

समोर नांदेडची एस.टी. उभी होती. मिस्त्री म्हणत होता, तासाभरात करतो. मला म्हणायचं होतं, गाडी राहू द्या, आपण एस.टी.नं जाऊ. पण तोंड उघडलं तर आधी पाण्याचंच बाहेर पडेल असं वाटलं. एस.टी. गेली. मिस्त्रीचा तास दुपारपर्यंत चालला.

तिथून पुढंही गाडी तापतच होती. लोह्याच्या अलीकडं एका वस्तीवर हे पाणी मागायला गेले. एक बाई घागर घेऊन आली. मी म्हटलं, "प्यायचं नको, वापरायचं द्या."

"वापरायचं कुठून आणू? हेच हाय," ती म्हणाली. "कुठं निघालाव?"

"मायकडं. आजारी आहे."

तिनं घागर स्वतःच गाडीत रिकामी केली. "जा माय, लवकर जा."

पोचलो तेव्हा दिवस कलला होता. दारात माणसं मातीच्या हातापायांनी बसलेली. माय दुपारच्या आधीच गेली होती. आमच्यात माणसाला बसवून पुरतात. ओट्याच्या भिंतीला टेकवून बसवलं होतं म्हणे, कपाळभर विभूती लावून, माझी वाट बघत. पण उन्हापुढं थांबता आलं नाही.

भाऊ म्हणाला, "अक्का, सकाळपासून एकच चालू होतं तिचं. गाडी आली का बघ, गाडी आली का बघ. रस्त्यानं काही गेलं की मान उचलायची."

येताना गाडीत मी एक शब्द बोलले नाही. यांना वाटलं, दुःखानं.

पुढं यांनी ती गाडी विकली. आजही कुणी लहान गाडी घेऊ का विचारलं की हे सांगतात, "गावात फिरायला घ्या. लांबच्या वाटंला तिच्यात दम नसतोय. आमच्या सासूबाईंचं तोंड बघायचं राहिलं तिच्यापायी." परवा पुतण्यालाही हेच सांगत होते. मी चहा ठेवायला गेले होते. त्या गाडीत काही खोट नव्हती, एवढं म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. कप ठेवले आणि आत आले.