काकूंची झोप

शॉमबर्गच्या गुरुनाथकाकांच्या घराण्यात प्रवास व्हायचा तो लग्नाला, नाहीतर मयतीला. काका अमेरिकेत आले, पगारी रजा मिळायला लागली, तरी ती सगळी भारताच्या फेऱ्यांत जायची. कधी शनिवार-रविवारी गाडी काढलीच, तर मुक्काम ओळखीच्या घरी. हॉटेल? छे! गावात आपलं माणूस असताना हॉटेलात उतरायचं म्हणजे त्याचा अपमानच की. आणि काकांना आपलं माणूस कुठेही सापडायचं. अगदीच कुणी नसलं, तर कुणाच्या तरी मावसबहिणीचा दीर निघायचा.

त्यामुळे रेणूकाकूंनी अमेरिका पाहिली ती लोकांच्या स्वयंपाकघरांतून. नायगारा तासभर पाहिला, पण त्याआधी बफलोच्या वहिनींबरोबर चाळीस पोळ्या लाटून. तसं कुणी करायला लावत नाही हो, पण पाहुणी झाली म्हणून हातावर हात ठेवून बसणार कोण?

यंदा ऑफिसने कळवलं, डिसेंबरपर्यंत न घेतलेली रजा बुडेल. बुडेल! काका हादरलेच. दह्याचे रिकामे डबे धुऊन ठेवणारा माणूस. आठ दिवसांची रजा वाया घालवेल होय? इलाने, त्यांच्या मुलीने, ही संधी साधून सुपीरिअर तलावाकाठी डुलुथला खोली बुक करून टाकली.

काकू एवढंच म्हणाल्या, "मला एकदा तरी पोटभर झोपायचंय. तिथे ओळख काढलीत, तर मी अर्ध्या रस्त्यातून परत फिरेन."

काकांनी ओळख काढली नाही. शपथ! पहिल्या दिवशी सहाला उठले, सफाईवाली बाई काय म्हणेल म्हणून बेसिन पुसलं, आणि हॉटेलच्या खिडकीतून काढलेला तलावाचा फोटो तेवढा मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. झालं! साडेनऊला फोन वाजला. मंडळातला जुना मेंबर सुमंत, हल्ली डुलुथलाच राहणारा.

"काका, आमच्या गावात येऊन हॉटेलात? शोभतं का हे? आत्ता न्यायला येतो. आज पुरणपोळीचा बेत आहे, आणि कटाची आमटी काकूंच्याच हातची हवी यार!"

'येतो की' काकांच्या ओठांवर आलंच होतं. जन्मात त्यांनी जेवणाला नाही म्हटलेलं नव्हतं. त्यांनी वळून पाहिलं. काकू गाढ झोपल्या होत्या, एक पाय पांघरुणाबाहेर. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण दिवसाउजेडी झोपलेली बायको काका आज पहिल्यांदा बघत होते.

"नाही रे सुमंत. काकू झोपलीय तुझी."

"मग संध्याकाळी?"

"संध्याकाळीही नको. उद्याही नको. रागावलास तर रागाव बाबा."

त्यांनी फोन ठेवून दिला.

"कोण होतं हो?" पांघरुणातून आवाज आला.

"राँग नंबर."

काकूंनी शब्द न् शब्द ऐकला होता. त्यांनी बाहेरचा पायही आत घेतला आणि कूस बदलली.

"मग चहा तुम्हीच करा," त्या म्हणाल्या, "आणि मला अकराला उठवा."