शेळीच्या टॉन्सिलमधले तपकिरी कण

माझ्या मैत्रिणीला या नोकरीत मीच आणलं. व्हेटर्नरी कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो, हॉस्टेलला एकाच ताटात जेवायचो. लग्नानंतर ती बरीच वर्षं घरीच होती. तळवलीजवळच्या आमच्या लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्टची जागा निघाली, तेव्हा मी सरांना म्हटलं, "माझी एक मैत्रीण आहे, फार हुशार आहे." हे 'फार' मी स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं, ते पुढं मला बरेच दिवस टोचत राहिलं.

नंतर लॅबकडे स्क्रेपीच्या तपासणीचं काम येणार असं ठरलं. हा शेळ्यामेंढ्यांच्या मेंदूचा रोग. जनावर कुंपणाला अंग घासत सुटतं, लोकर झडते, चाल बिघडते आणि शेवटी ते मरतं. याच्यामागे ना जंतू असतो ना विषाणू. शरीरातलंच प्रियॉन नावाचं एक प्रथिन चुकीची घडी घेतं आणि शेजारच्या प्रथिनांनाही तीच घडी घालायला लावतं. ताप नाही, नेहमीच्या रक्ततपासणीत काही सापडत नाही. मेंदूच्या देठाचा किंवा टॉन्सिलचा पातळ काप घ्यायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली तपकिरी कण शोधायचे.

हे शिकायला कुणाला तरी युरोपात पाठवायचं होतं. जागा एकच. मी सीनियर, त्यामुळे मी मनातल्या मनात बॅगसुद्धा भरली होती. सरांनी तिचं नाव घेतलं.

"मॅडम, इथलं सगळं रुटीन तुमच्यावर आहे. तुम्ही गेलात तर लॅबच बंद पडेल," ते मला म्हणाले.

कौतुक करून माणसाला जागच्या जागी कसं बसवतात, ते मला त्या दिवशी कळलं. जुईनगरला घरी आल्यावर नवरा म्हणाला, "तूच आणलंस ना तिला? मग खूश हो की!" मी भाकरी इतक्या जोरात थापल्या की त्यानं पुढं विषय काढला नाही.

ती परत आली आणि मला शिकवायला लागली. दोघींना एकाच वेळी बघता येईल अशा मायक्रोस्कोपवर ती माझ्यासमोर बसायची आणि छोटा बाण फिरवत सांगायची, "हे बघ, हे खरं. आणि हे सोनेरी दिसतंय ना, ते जुन्या रक्तातलं लोह. इथं फसायचं नाही." तिचा आवाज प्रेमळ असायचा. तिनं जरा तोरा दाखवला असता तर मला सोपं गेलं असतं. तिनं आणलेला स्कार्फ मी नणंदेला देऊन टाकला. बाहेरचे पाहुणे आले की सर तिला पुढं करायचे आणि मी तेवढ्यात फ्रिजचं तापमान बघायला उठायचे.

मग परदेशातून आमच्या परीक्षेचे काप आले. कुठलं जनावर रोगी, कुठलं निरोगी, हे फक्त पाठवणाऱ्यांना ठाऊक. उत्तरं जुळली तरच लॅबला मान्यता. आम्ही दोघींनी वेगवेगळं वाचलं आणि मग ताडून पाहिलं. सगळं जुळलं, एक शेळी सोडून. तिचा मेंदू स्वच्छ होता, पण टॉन्सिलमध्ये मला बारीक तपकिरी कण दिसले होते. मैत्रिणीनं निगेटिव्ह लिहिलं होतं.

"अगं, ते लोह आहे," ती म्हणाली.

"लोह चकाकतं. हे चकाकत नाही."

"तुला तसं वाटतंय."

"मग जादा काप आहे ना? प्रियॉन पकडणारं अँटिबॉडीचं द्रव्य न घालता रंगवू. लोह असेल तर तपकिरी राहील. प्रियॉन असेल तर त्याला रंगच चढणार नाही."

ती लगेच म्हणाली, "चालेल. तूच कर."

मीच केलं. रंगवताना मला तिचा पडलेला चेहरा दिसत होता आणि मला तो हवा होता. दुसऱ्या दिवशी आम्ही समोरासमोर बसलो. मी काप सरकवत गेले. सगळीकडे फिकट निळं, तपकिरी कुठंच नाही.

ती खुर्ची मागं ढकलून सरळ सरांच्या केबिनच्या दारात गेली. "सर, शेळी पॉझिटिव्ह आहे. मी चुकले होते, हिनं पकडली. मला तर दिसलीच नव्हती!" असं हसत, जणू स्वतःच्या घरची गोड बातमी सांगावी तसं. सर बाहेर आले, माझ्याकडे बघून "वा मॅडम" म्हणाले. कित्येक महिने ज्याची वाट पाहिली तो शब्द मिळाला, आणि मला तो तिच्या हातून मिळाल्यासारखा वाटला.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मी ताठ बसून होते. हरून कुणाला इतकी शांत झोप कशी लागते? युरोपची वारी, सरांची मर्जी, या सगळ्यापेक्षा मला त्या झोपेचा जास्त हेवा वाटला.

पुढं निकाल आला, शेळी रोगीच होती. लॅबला मान्यता मिळाली. आता अहवालावर पहिली सही माझी असते, दुसरी तिची. अजूनही कधीतरी आमचं मत जुळत नाही, पुन्हा काप रंगवावा लागतो, आणि ती चुकली असेल तर मी स्लाइड सोडून आधी तिच्या चेहऱ्याकडे बघते. तिथं मला काही सापडत नाही. ती तोवर पुढची स्लाइड मागत असते.