चारची शेवटची होडी

बाजारात त्यांना सगळे मापसाहेब म्हणत. एकतीस वर्षं वजनमापं निरीक्षक म्हणून काढली, पण कुणाच्या कपभर चहाचेही ते कधी मिंधे झाले नाहीत. त्यांचं पाऊल पायरीवर पडलं की दुकानदार आपणहून पारडी पुसायला लागत. पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक ते नुसत्या बोटानं चाचपून काढत आणि मग त्या माणसाकडे असे बघत, की त्याला दंड परवडला पण ते बघणं नको असं होई. मापात पाप करणारा माणूस घरातही खोटंच वागत असणार, असं त्यांचं ठाम मत होतं. मत काही वाईट नव्हतं. फक्त ते स्वतःला लावून बघायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

गोल्फचा नाद त्यांना उतारवयात लागला. एका सहकाऱ्यानं गंमत म्हणून मैदानावर नेलं, आणि पंचावन्नाव्या वर्षी साहेब एका पांढऱ्या चेंडूमागे उन्हातान्हात पायपीट करू लागले. बायकोनं तेही पोटात घातलं. तिनं स्वतः सारा जन्म कापडाच्या दुकानाच्या माडीवर मुलींना शिवण शिकवण्यात घालवला होता. साहेब निवृत्त झाले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आता तरी कुठेतरी जाऊ या हो. मला चार ठिकाणं बघायचीत."

मग तह झाला. आपली जुनी गाडी, तीन आठवडे, सकाळी त्यांचं नऊ होल गोल्फ आणि जेवणानंतरची दुपार तिची. साहेबांनी तक्ता केला, त्यात मिनिटांचेही रकाने आखले आणि तो गाडीत समोर चिकटवला. "निम्मं तुझं, निम्मं माझं. गुंजभर फरक नाही," ते म्हणाले.

तिची ठिकाणं तिनं एकटीनं निवडली नव्हती. त्यात थोरल्या बहिणीचा, ताईचा वाटा मोठा होता. आई लवकर गेली, तेव्हा हिची वेणी घालण्यापासून लग्न लावून देण्यापर्यंत सगळं ताईनं केलं. ताईनं बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. दोन वर्षांपूर्वी तिची एक बाजू लुळी पडली आणि तेव्हापासून ती खिडकीजवळच्या खाटेवर होती. जीभ जड झाली होती, डोकं मात्र लख्ख. प्रवासात रोज तिचा फोन येई, आज काय पाहिलंस? आणि तिला सगळ्यात मोठी आस होती ती गुहेची. डोंगराच्या पोटात तळं आहे, होडीत बसून आत जायचं असतं. पुस्तकातल्या बोटभर काळ्यापांढऱ्या चित्रावरून ताईनं ती गुहा बत्तीस वर्षं शिकवली, पण पाहिली कधीच नाही. "मी आता जात नाही कुठे," ती बहिणीला म्हणाली होती. "तू बघ, आणि मला सगळं सांग. काही गाळू नकोस."

पहिले दोन दिवस तक्त्याप्रमाणे गेले. तिसऱ्या दिवशी नवाचे अकरा होल झाले, कारण पुढचे दोन म्हणे वाटेवरच होते. पाचव्या दिवशी अठरा झाले. मग संग्रहालय शेवटच्या वीस मिनिटांत धावतपळत, जुना पूल गाडीच्या काचेतून, आणि वनस्पतींची बाग तर नुसत्या फाटकातून. ती क्लबहाऊसच्या व्हरांड्यात भरतकाम घेऊन बसे. साहेब घामाघूम होऊन आले की घड्याळाकडे न बघता म्हणे, "असू दे." साहेबांच्या मनाला प्रत्येक वेळी टोचे. त्यांना कळत नव्हतं असं मुळीच नाही, सगळं कळत होतं. पण टोचलेलं दुसऱ्या दिवशी पहिल्या फटक्यापर्यंत विसरता येतं, हेही त्यांना आता कळलं होतं.

नवव्या दिवशी गुहा होती. शेवटची होडी चार वाजता सुटते, हे तक्त्यात लाल शाईनं लिहिलेलं. त्या सकाळी साहेबांना दोन निवृत्त गृहस्थ भेटले. एक दातांचे डॉक्टर, एक विमा कंपनीतले. दोघंही बोलघेवडे आणि दोघंही साहेबांहून कच्चे खेळाडू. असं सुख रोज कुठे मिळतं! "आणखी नऊ होऊन जाऊ देत," दातांचे डॉक्टर म्हणाले, आणि साहेबांनी मान डोलावली. गाडी गुहेशी पोचली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. होडीवाला साखळीला कुलूप लावत होता.

"दहाच मिनिटं झालीत हो," साहेब म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला दहा ग्रॅमची सूट दिली नव्हती.

"दिवे बंद केले आत. उद्या या," होडीवाला म्हणाला.

पण उद्या एकशे नव्वद किलोमीटरवरच्या मैदानावर साहेबांची वेळ आधीच ठरलेली होती. बायको साखळीपाशी जरा वेळ उभी राहिली. मग तिकिटाच्या खिडकीवरून गुहेचं माहितीपत्रक घेऊन आली. "असू दे," ती म्हणाली. "तोंड तरी पाहिलं." त्या दिवशी ताईचा फोन आला, तो तिनं उचललाच नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब टोपी विसरली म्हणून पहिल्या होलवरून परत आले. व्हरांड्याच्या कोपऱ्यात बायको त्यांच्याकडे पाठ करून फोनवर बोलत होती. मांडीवर ते माहितीपत्रक उघडलेलं, आणि ओळींवरून बोट फिरत होतं.

"हो गं ताई, पाहिली ना! काल दमले होते म्हणून नाही उचलला फोन... पाणी? पाणी हिरवंगार, काचेसारखं... छतातून चुन्याचे खांब खाली आलेले, काही तर माणसापेक्षा उंच... थांब, सांगते ना, सगळं सांगते."

साहेबांचे पाय खिळले. इतकी वर्षं संसार केला, पण या बाईला खोटं बोलताना त्यांनी पाहिलं नव्हतं. आज ती आपल्या आजारी बहिणीला ओळींवर बोट ठेवून खोटं वाचून दाखवत होती, आणि ती वेळ तिच्यावर त्यांनीच आणली होती. चुंबक सापडलेल्या दुकानदाराला काय वाटत असेल, ते त्यांना त्या घटकेला नीट समजलं. पुढे होऊन माफी मागावी, एवढंच करायचं होतं. ते टोपी न घेताच मागे फिरले.

आणि लाजेची गोष्ट पुढे आहे. ते अठराही होल खेळले. खेळले तेही इतके सुरेख, की तसे आयुष्यात कधी खेळले नव्हते. स्कोअरकार्डावर आकडा लिहिताना त्यांना स्वतःची शिसारी आली, पण त्यांनी तो लिहिला.

जेवताना ते म्हणाले, "उद्या परत जाऊ. गुहा बघू."

"कशाला? एवढं उलटं?" ती घाईनं म्हणाली. "झालं ना आता."

"जाऊ."

त्यांनी पुढच्या दोन मैदानांवरच्या वेळा रद्द केल्या आणि सकाळी गाडी उलटी वळवली. ऐकलं होतं ते मात्र सांगितलं नाही. सांगायला तीन तासांचा रस्ता होता, आणि साहेब तीन तास टायरमधल्या हवेबद्दल बोलले.

अकराच्या होडीत ते दोघंच होते. साहेब हात पुढे करणार, तोवर ती स्वतःच उतरून बसलीसुद्धा. पाणी हिरवं नव्हतं. काळं होतं, आणि इतकं निश्चल, की छताचे खांब त्यात उभेच्या उभे दिसत होते. मधोमध होडीवाल्यानं वल्हं थांबवलं आणि दिवे मालवले. डोळे उघडे की मिटलेले तेही कळेना. कुठेतरी एक थेंब पडला, आणि त्याचा आवाज डोंगराच्या पोटात फिरत राहिला. दिवे लागले तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"हे ताईला सांगायला हवं," ती म्हणाली.

"मग सांग की."

"आता कसं सांगू? पाणी हिरवं म्हणून सांगून बसले मी." मग तिनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं आधीच माहीत असल्याचं तिला त्यांच्या तोंडावरच दिसलं. साहेबांनी मान खाली घातली.

बाहेर येऊन ते बाकावर बसतात न बसतात तोच ताईचा फोन आला. बायको दोन शब्द बोलली आणि तिनं फोन त्यांच्यापुढे केला. "तुम्हाला मागतेय."

"जावईबापू," पलीकडून जड जिभेचा, पण आनंदी आवाज आला. "हिनं सांगितलं मला. तुम्ही म्हणे त्या दिवशी खेळ अर्धा टाकून हिला गुहेत नेलंत. आणि होडीत बसताना पाय घसरेल म्हणून सबंध वेळ हिचा हात धरून बसलात."

साहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"खरं ना?"

साहेबांनी शेजारी पाहिलं. ती वाकून चपलेचा पट्टा नीट करत होती.

"हो, ताई," ते म्हणाले.

"मग आज बोलते. मी तुम्हाला आपमतलबी समजत आले. पस्तीस वर्षं. हिला लग्नाआधी बजावलंही होतं, हा माणूस स्वतःपुरतं बघणारा आहे म्हणून. चुकलं माझं. पडल्या पडल्या काल रात्रभर तेच मनात आलं. जाण्याआधी सांगून टाकावं म्हटलं. मनात ठेवू नका हो."

"नाही ताई... नाही, असं काय... ठेवत नाही मनात." त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणत होती एवढं?" बायकोनं विचारलं.

"माफी मागत होती माझी."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "मग?"

"दिली," मापसाहेब म्हणाले.