अहवालातून गळलेली ओळ

निवृत्तीचे पैसे बँकेत येऊन तीन आठवडे झाले होते आणि तेवढ्या दिवसांत ग्रंथपालबाईंच्या घरात दुसरा विषय निघाला नव्हता. तेहतीस वर्षं कॉलेजचं ग्रंथालय सांभाळल्यावर हाती आलेली ती एकरकमी पुंजी. पेन्शन नव्हतीच. नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आता दुरुस्तीला आलेल्या घड्याळांपेक्षाही हळू चालायचं. थोडक्यात, म्हातारपणासाठी जे काही होतं ते एवढंच.

मुलाचं मात्र केव्हाच ठरलं होतं. "आई, सगळे आमच्या कंपनीत घाल."

'आमची' म्हणजे दोन वर्षांपूर्वी झालेली. तो चाळीस माणसांच्या एका ऑफिसात नगरपालिकांसाठी पाणीबिलांचं सॉफ्टवेअर करायचा. ते ऑफिस एका मोठ्या कंपनीने विकत घेतलं. ही कंपनी स्वतः फारसं काही बनवत नसे. दातांच्या दवाखान्यांचं, वजनकाट्यांचं, वाहनतळांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या छोट्या छोट्या कंपन्या ती घेत सुटली होती. एकीच्या कमाईतून दुसरी घ्यायची, दोघींच्या कमाईतून तिसरी. मुलाला पगारासोबत तिचे शेअर मिळत, आणि दोन वर्षांत त्यांचा भाव दुप्पट झाला होता.

"गिऱ्हाईक सोडून जातच नाही गं," तो म्हणाला. "तूच सांग, लायब्ररीचं सॉफ्टवेअर कितीदा बदललंस?"

"एकोणीस वर्षांत एकदाही नाही."

"बघ!"

यात खोट काढायला जागा नव्हती. ऐंशी हजार पुस्तकांच्या नोंदी दुसरीकडे हलवायच्या, या नुसत्या विचारानेच बाई तो विषय बंद करत. सॉफ्टवेअरवाले दरवर्षी पैसे वाढवत, बाई कुरकुरत आणि सही करत.

"मी आधी त्यांचे वार्षिक अहवाल वाचते," त्या म्हणाल्या.

"अकरा वर्षांचे आहेत, आई. कादंबऱ्या नाहीत त्या."

"कादंबऱ्या मी कधी वाचल्या रे? देण्याघेण्यातच तेहतीस वर्षं गेली."

"वाचू दे तिला," डोळ्याला भिंग लावून बसलेले वडील म्हणाले. "लग्नाआधी माझा एवढा अभ्यास केला असता तर..."

"तर तुम्ही बाद पुस्तकांच्या यादीत असता," बाई म्हणाल्या.

वाचायची त्यांची एक पद्धत होती. पुस्तकसूचीच्या जुन्या कार्डांच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी प्रत्येक विकत घेतलेल्या कंपनीचं एकेक कार्ड केलं: नाव, साल, किंमत. ग्रंथालयात नवीन पुस्तकं दाखल करतात तसं, आलेल्या क्रमाने. पहिल्या वर्षी दोन, मग तीन, शेवटच्या वर्षी नऊ. सत्तेचाळीस कार्डांनी जेवणाचं टेबल भरून गेलं. गठ्ठा दरवर्षी वाढताना पाहून बाईंचं मन भरलं. तिसऱ्या संध्याकाळी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, घालूया बहुतेक."

चौथ्या दिवशी, विकत घेतल्यानंतर कुठल्या कंपनीचं काय झालं, ते लिहायला त्या बसल्या. पहिल्या पाच अहवालांत एक ओळ सापडली: आधी घेतलेल्या कंपन्यांची स्वतःची वाढ. नऊ टक्के, सात, सहा, चार, दोन. सहाव्या अहवालात ती ओळ नव्हती. पान छापायचं राहिलं असेल म्हणून त्यांनी पानांचे आकडे तपासले. पानं क्रमाने होती. त्या जागी नव्या खरेद्यांचा रंगीत नकाशा होता. पुढच्या सगळ्या वर्षीही नकाशाच.

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. कारण ही गोष्ट त्यांनी स्वतः केली होती. कॉलेजच्या वार्षिक अहवालात त्या दरवर्षी दोन आकडे देत: किती पुस्तकं घेतली आणि किती वाचायला गेली. एका वर्षी दुसरा आकडा फारच खाली आला. बाईंनी तो गाळला आणि 'यंदा बाराशे नवी पुस्तके' हे ठळक अक्षरांत टाकलं. प्राचार्यांनी कौतुक केलं. पुढच्या वर्षी गाळणं सोपं गेलं. नंतर तो आकडा द्यायचा असतो हेही कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

रविवारी मुलगा आला.

"ओळ काढली म्हणजे लबाडी झाली का?" तो उसळला.

"लबाडी कोण म्हणतंय? मीही लबाडी केली नव्हती. मला लाज वाटत होती, एवढंच."

मग त्यांनी त्याच्या ऑफिसचं कार्ड पुढे सरकवलं. घेतलं त्या वर्षी अख्खं पान कौतुक. पुढच्या वर्षी नाव नाही. 'इतर' या रकान्यात जमा.

"तुमच्याकडे नवीन गिऱ्हाइकं किती आली?"

त्याने कार्ड उलटसुलट केलं. "एक. छोटंसं गाव आहे. पण जुनं एकही गेलेलं नाही!"

"खरं आहे. म्हणून कंपनी बुडेल असं मी म्हणत नाही. वाढ जुन्या कंपन्यांची आहे की नुसत्या नव्या खरेद्यांची, ते मला दिसत नाही."

"म्हणजे माझ्या कामावर तुझा विश्वास नाही."

हे बाईंच्या जिव्हारी लागलं. "तुझा पगार तिथे, तुझे शेअर तिथे. माझं म्हातारपणही त्याच दावणीला बांधू? उद्या त्यांनी तुमचं ऑफिस मिटवलं तर तू कुणाकडे येशील? तेव्हा माझ्याकडे काहीतरी असायला हवं ना."

तो पायात बूट घालू लागला. बाईंनी दुसऱ्या दिवशी पैसे बँकेत मुदत ठेवीत टाकले.

चार महिन्यांत शेअर आणखी पंधरा टक्के चढला. मुलगा दर सोमवारी फोनवर भाव पाठवायचा. खाली एक अक्षर नाही, नुसता आकडा. बाईंना हळहळ वाटली नाही असं नाही; पुंजीचे किती झाले असते, हा हिशेब त्यांनी दोनदा करून पाहिला आणि नवऱ्याला सांगितला नाही.

मग एका सोमवारी आकडा आला नाही. दुपारी निरोप आला: "निम्मे विकले. तुझी बँक व्याज किती देते?"

बाईंनी दर कळवला. का विकलेस, हे विचारायचं त्यांनी फार कष्टाने टाळलं.